पक्षी पाहा आणि लिहूनही ठेवा

देगलूरच्या घरांत पक्षी पाहायला जाण्याचा विषय निघाला की पहिलं नाव येतं जायकवाडीचं. पैठणचा नाथसागर, तिथले रोहित, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब यांची छायाचित्रं दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतात. ओढ वाटणं साहजिक आहे. पण देगलूरहून पैठणला जायचं तर दिवस प्रवासातच मोडतो. घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असली की तो बेत दरवर्षी पुढच्या वर्षावर जातो आणि मुलं मोठी होऊन शहरात निघून जातात.

खरं तर देगलूर तालुक्यातच करडखेडचा तलाव आहे, मांजरा आणि लेंडी नद्यांचे काठ आहेत, होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत आणि गावोगावची गायरानं आहेत. एका कुटुंबाच्या एका दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

सुरुवात तलावावरून करावी आणि तीही सूर्य वर येण्याआधी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मराठवाड्यातल्या अशा जलाशयांच्या उथळ काठावर सैबेरिया आणि मध्य आशियातून आलेली तलवार बदकं आणि थापटे उतरतात. काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी थव्याने पोहतात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलात चोची खुपसत फिरतात, पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. मुलांना सगळ्यात आधी आवडतो तो हाच. सूर्य पाठीशी ठेवून उभं राहिलं की रंग स्पष्ट दिसतात. दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची असली की पुरते. त्याहून जास्त ताकदीची दुर्बीण मुलांच्या हातात स्थिर राहत नाही.

उन्हं चढली की पाण्यावरची हालचाल मंदावते. मग धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधावर बसून खावी आणि नजर शेतांकडे वळवावी. विजेच्या तारेवर नीलकंठ बसलेला असतो. देगलूरच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगण आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचा तो राज्यपक्षी. सीमेपलीकडे दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. गुरांच्या मागे गायबगळे, तारेवर कोतवाल आणि वेडे राघू. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे कोसळतात. घरातल्या आजोबांनी गोफण घेऊन माळ्यावर उभं राहून याच भोरड्या हाकलल्या आहेत. त्या पूर्व युरोप आणि मध्य आशियातून येतात, हे नातवाने मोबाइलवर दाखवलं की दोघांचंही ज्ञान वाढतं. भोरडी दाणे खाते तशी टोळ आणि नाकतोडेही खाते. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली तसं हे चित्र कसं पालटत गेलं, ते आजोबांइतकं नेमकं कोणतंही ॲप सांगणार नाही.

दुपार होट्टलला काढावी. कोरीव दगड पाहता पाहता कपारींकडेही लक्ष ठेवावं. जुन्या बांधकामांच्या आडोशाला पिंगळा, पारवे, साळुंक्या राहतात. वाटेतल्या वडा-पिंपळाला फळं लागली असतील तर थांबावं. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल पानांच्या रंगात असा मिसळतो की तो उडेपर्यंत झाडावर आहे हेच कळत नाही. संध्याकाळ गायरानाची. तिथे टिटवी आणि चंडोल असतात आणि नशीब असेल तर गवतावरून कमी उंचीने तरंगत जाणारा भोवत्या. हा शिकारी पक्षीही हिवाळी पाहुणाच.

आता मुद्द्याचं. हा दिवस नुसता पाहण्यात घालवू नये. काय दिसलं, किती दिसले, कुठे आणि किती वाजता दिसले, हे वहीत उतरवलं पाहिजे. त्यामागे ठोस कारण आहे.

पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१७ मध्ये नियम केले. त्यांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. मराठवाड्यात पक्षी ज्या पाण्यावर उतरतात ते बहुतेक पाणी सिंचन तलावांचं आणि धरणांचं आहे. म्हणजे देगलूर, मुखेड, बिलोली, उदगीरकडच्या तलावांना पक्ष्यांची जागा म्हणून या नियमांचा आधार मिळत नाही. सरकारी कागदावर तिथे फक्त पाणीसाठा असतो. गायरानाचं तर त्याहून वाईट आहे. गवताळ जमीन पडीक समजली जाते आणि ती कशालाही देता येते, असा समज रुजलेला आहे.

नोंदी झाल्या तर मात्र चित्र बदलू शकतं, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि १९८६ मध्ये त्याच्या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर हेही इंग्रजी अमदानीतल्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं पाणथळ. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. रामसर यादीच्या निकषांत पाणपक्ष्यांची संख्या मोजली जाते. मोजणी नसेल तर त्या निकषावर दावाही करता येत नाही.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. देगलूर तेव्हा त्याच संस्थानात होतं. त्या काळी या प्रदेशात काय होतं हे आज सांगता येतं, कारण त्यांनी ते लिहून ठेवलं. अलीकडचं उदाहरण २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' या अहवालाचं. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे आणि या निरीक्षकांतले बहुतेक हौशी लोक आहेत. तारेवर सहज दिसणाऱ्या नीलकंठाची संख्या घटते आहे, हे त्याच अहवालातून पुढे आलं. मोठ्या शहरांभोवती नोंदींचा पाऊस पडतो आणि मराठवाड्याचे तालुके त्यात कोरडे राहतात. ही उणीव इथल्याच माणसांनी भरून काढायची आहे.

अर्थात, पाहणाऱ्यांमुळे पक्ष्यांना त्रास होता कामा नये. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. नदी सुरय उन्हाळ्यात मांजरेसारख्या नद्यांच्या वाळूवर अंडी घालते. वाळू उपशाने त्या जागा आधीच आकसल्या आहेत. घरट्याजवळ जाऊन छायाचित्र काढू नये, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये, प्लास्टिक काठावर टाकू नये. तित्तर-लावरी विकत घेणं आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही मुलांना याच दिवशी सांगावं.

महाराष्ट्र शासन ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतं. ५ नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. शाळांत तेव्हा रांगोळ्या आणि घोषवाक्यं होतात. त्यापेक्षा एक वर्ग एका सकाळी जवळच्या तलावावर न्यावा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, फेब्रुवारीत जगभर चार दिवसांची पक्षी गणना होते. देगलूर, मुखेड आणि उदगीरच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी या दोन्ही गणनांत आपल्या तालुक्यातले तलाव वाटून घेतले, तर पाच वर्षांत पक्की आकडेवारी हाती येईल.

कुटुंबांनी आपली यादी 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावी आणि तिची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत द्यावी. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती एकदा भरून कपाटात ठेवण्यासाठी नाही. करडखेड, होट्टल आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत ती बाहेर काढावी, गावकऱ्यांसमोर वाचावी आणि या हिवाळ्यात दिसलेले पक्षी तारखेसह तिच्यात लिहून घ्यावेत.