साथीपुढे सगळे समान नसतात

रोगाची साथ राव-रंक पाहत नाही, तिच्यापुढे सारे सारखेच, हे मत प्रत्येक साथीत नव्याने मांडले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे. रोगजंतू कोणाची जात किंवा मिळकत विचारत नाहीत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मुंबईत युरोपियनांना गाठले, तसेच पारशांनाही. पण रोग जडणे वेगळे आणि त्यात जीव जाणे वेगळे. या मताचे समर्थक पहिल्यावरून दुसऱ्याचे अनुमान काढतात आणि तिथेच चुकतात.

मुंबईच्या नोंदीच पाहाव्यात. ही साथ जून १९१८ मध्ये बंदराच्या परिसरात दिसू लागली, मध्यंतरी ओसरली आणि सप्टेंबरमध्ये अधिक घातक होऊन उलटली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ माणसे तिने दगावली. मृत्यूचे दर हजारी प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि मुसलमानांत १९.२ होते. सरकारी दप्तरात ज्यांना ‘खालच्या जातींचे’ म्हटले जाई, त्या हिंदूंत ते ६१.६ होते. शहर एक, साथ एक आणि मृत्यूच्या प्रमाणात सातपटींहून अधिक अंतर.

श्रीमंतांना चांगले डॉक्टर मिळाले म्हणून ते वाचले, असे उत्तर यावर दिले जाते. त्या काळापुरते तरी ते टिकत नाही. रोगाचा विषाणू तेव्हा सापडलेला नव्हता, परिणामकारक लस नव्हती, मागाहून होणाऱ्या न्यूमोनियावर प्रतिजैविके नव्हती. मलबार हिलवर जाणाऱ्या डॉक्टरच्या पेटीतही या तापावर औषध नव्हते. मग तारले कशाने? हवेशीर खोलीने, वेळेवर पाणी आणि पेज देणाऱ्या माणसाने, मजुरी न बुडता अंथरुणावर पडून राहण्याच्या सवडीने आणि आधीपासून पोटभर जेवलेल्या शरीराने. गिरणगावातल्या दाटीवाटीच्या खोल्यांत यांपैकी काय होते? त्यात त्या वर्षी पावसाने दगा दिला, युद्धामुळे धान्य कडाडले. देशात स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक संख्येने दगावल्या. आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्या माथी आणि जेवणाची पाळी शेवटची, हे त्याचे एक कारण मानले जाते. अविभाजित हिंदुस्थानातील बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या भूभागातील लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

दुसरे मत अधिक धोकादायक आहे, कारण ते व्यवहारी वाटते: साथीत आधी कडक बंदोबस्त, लोकांच्या सुखदुःखाचा विचार मागाहून. पुण्याने १८९७ मध्ये हा बंदोबस्त अनुभवला. प्लेगच्या निर्मूलनासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले, झडत्या झाल्या, रुग्णांना आणि आप्तांना बळाने हलवले गेले. परिणाम उलटाच झाला. लोक आजारी माणसे लपवू लागले, आणि रुग्ण लपला की साथ आवरण्याचा मार्गच खुंटतो. प्लेग अधिकारी रँडवर २२ जूनला चापेकर बंधूंनी गोळी झाडली, हा त्या अविश्वासाचा टोकाचा परिणाम. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची सेवा करत होते. १० मार्चला सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. रोग्याला वेगळे ठेवणे त्यांनाही आवश्यक वाटत होते. पण त्यांच्याकडे रोगी माणूस म्हणून नेला जाई, सोजिरांच्या हाती तो मुद्देमाल ठरे.

समाजाचे स्वास्थ्य हे साथनियंत्रणाचे फळ नसून त्याची पूर्वअट आहे, हे यावरून ठरते. २०२० ने याला दोन्ही बाजूंनी पुरावा दिला. २४ मार्चच्या रात्री अवघ्या चार तासांच्या सूचनेवर देशभर टाळेबंदी लागली. मजुरी बंद, शिधापत्रिका गावाकडची, भाडे मात्र थकत चाललेले. मजूर चालत निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. कोविडबळींच्या आकड्यात त्यांची गणना नाही, तरी साथीच्या हाताळणीनेच त्यांना त्या रुळांवर आणले.

धारावीत १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास जागा, दहा बाय दहाच्या खोल्या, सामायिक शौचालये. घरात अंतर राखा हा सल्ला तिथे निरर्थक होता. महापालिकेने दारोदार तपासणी केली, तापाचे दवाखाने उघडले, शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाची सोय करून जेवण पुरवले, शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली, स्थानिक डॉक्टर आणि कार्यकर्ते सोबत घेतले. संसर्ग झोपडपट्ट्यांत पसरलाच: जुलैमध्ये मुंबईच्या तीन विभागांतील रक्तचाचण्यांत वस्त्यांतील ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, इतरत्र १६ टक्के. तरीही जूनपर्यंत धारावीतील नव्या रुग्णांची रोजची संख्या बरीच उतरली होती. १८९७ प्रमाणे इथेही माणसांना घरातून हलवले गेले. यावेळी पुढे खाट होती, दोन वेळचे जेवण होते आणि बरे झाल्यावर घरी परतण्याची खात्री होती.