आधी दुहेरीकरण, मग उड्डाण

सुटीत गावाला जायचा विषय निघाला की हल्ली आमच्या नात्यागोत्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "रात्रभर गाडीत कोण आंबणार? विमानाने तासाभरात पोचतो." बोलणारा बहुधा पस्तिशीतला, बऱ्या पगाराचा आणि गावात जेमतेम दोन दिवस टिकणारा असतो. त्याच्या दिमतीला आता विमानतळही दोन आहेत. सिंधुदुर्गातला चिपीचा २०२१च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि हद्दीपलीकडे गोव्यात मोप्याहून २०२३च्या जानेवारीत विमानं उडू लागली. त्यामुळे कोकणात शहाण्या माणसाने विमानानेच जावं, रेल्वे उरली ती ज्यांना परवडत नाही त्यांच्यापुरती, असं मत चांगलंच रुजत चाललं आहे. पुढाऱ्यांच्या भाषणांतही तेच. माझं भांडण विमानाशी नाही, या मताशी आहे.

आधी तो तासाभराचा हिशेब पाहू. डोंबिवलीच्या माणसाला मुंबईच्या विमानतळावर पोचायला दीड-दोन तास हवेत, आणि रस्ता तुंबला तर किती ते सांगता येत नाही. तिथे दोन तास आधी हजर राहायचं. तासाभराचं उड्डाण. मग पट्ट्यावर फिरणाऱ्या बॅगांची वाट पाहायची, टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायची आणि मोप्याहून कुडाळ गाठायला आणखी तासाच्या वर घालवायचा. सगळं सुरळीत पार पडलं तरी सहा-सात तास गेले, तेही दिवसाचे, जागेपणीचे. कोकणकन्या एक्स्प्रेसला रात्री ठाण्याला चढणारा माणूस सकाळी कुडाळला उतरतो आणि मधली रात्र त्याने एरवीही झोपेतच काढली असती. मग वाचले ते तास नेमके कुठले?

"पण तिकीट तर सारखंच पडतं!" हा दुसरा मुद्दा. पडतं, पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी, दोन महिने आधी काढलं तर. मे महिन्यात आणि गणपतीत तोच भाव कुठे जातो ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. आणि कुटुंब म्हणजे एक तिकीट नव्हे. रेल्वेत पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट लागत नाही, बारापर्यंत वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं लागतं. विमानात दोन वर्षं पुरी झाली की पोर मोठ्या माणसाच्या भावाने जातं. आजी-आजोबा, दोन पोरं, नवरा-बायको अशी बेरीज मांडून बघा, म्हणजे ते 'सारखंच' किती सारखं आहे ते कळेल.

इथे रेल्वेच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही एकदा समाचार घेतला पाहिजे, कारण त्यांनीच ही बाजू लंगडी करून ठेवली आहे. त्यांचं सगळं खिडकी, धबधबे, बोगद्यातली आरडाओरड आणि मांडवी एक्स्प्रेसमधल्या खाण्यावर. छान आहे, मलाही आवडतं. पण साइड लोअरवर आरएसीमध्ये परक्या माणसाच्या पायांशी पाय जुळवून बसलेल्या सत्तरीच्या बाईला धबधब्यांचं काय कौतुक? आमच्या स्थानकात गाडी दोन मिनिटं थांबते. आधी पिशव्या खाली जातात, मग तांदळाचं पोतं, मग पाठमोरी, दांडी घट्ट धरून, पायाने फलाट चाचपत चुलती. डबा फलाटाच्या शेवटाला आला तर वर छप्परही नसतं आणि पाऊस असला की अर्धं घर तिथेच भिजतं. विमानतळावर तिच्यासाठी चाकाची खुर्ची आणि ढकलायला माणूस हजर असतो. ही सोय खरीच आहे आणि ती नाकारून रेल्वेची बाजू मांडता येत नाही.

परदेशातून चार दिवसांच्या रजेवर आलेल्याने मुंबईला उतरून थेट पुढचं विमान धरलं तर त्यात वावगं काहीच नाही. नागपूरची लेक मुंबईच्या माहेराला सव्वाआठशे किलोमीटर दीड तासात गाठत असेल तर तिने खुशाल उडावं. मयतीची गोष्ट मात्र वेगळी निघते. "अडीअडचणीला विमानच धावून येतं" असं म्हणतात, पण ऐन वेळचा विमानाचा दर हा सगळ्यांत चढा दर असतो आणि अडचण काही पगार बघून येत नाही. फोन आल्यावर अंगावरच्या कपड्यानिशी निघालेली माणसं जनरल डब्यातच चढतात. चेंगरतात, दाराशी उकिडवी बसतात, पण माती द्यायच्या वेळेला पोचतात. त्या तिकिटाचा दर मागणी वाढली म्हणून चढत नाही आणि ते 'संपलं' असंही खिडकीवर कुणी सांगत नाही.

रेल्वेची खरी बाजू ही आहे. ती सगळ्यांना एकाच गाडीने नेते. घराघरांत वेगळंच चाललेलं दिसतं : मुलगा-सून विमानाने, आई-वडील दोन दिवस आधी गाडीने, आणि सामान वडिलांच्या गळ्यात. परतीला तर हे आणखीच उघडं पडतं. गावाहून रिकाम्या हाताने कोण येतो? पंधरा किलोंत तांदूळ, कुळीथपीठ, कोकम बसवायचं तर काहीतरी मागे ठेवणं आलंच. सुकं खोबरं तर चेक-इन सामानात घेतच नाहीत, त्यातल्या तेलाने ते पेट घेऊ शकतं म्हणून. नियम बरोबर आहे. पण बर्थखाली फणस सरकवणाऱ्या माणसाचा हा प्रवास नव्हे.

आणि पोचवायचं कुठे? कोकण रेल्वे रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, वाटेत ९१ बोगदे. २६ जानेवारी १९९८ला ती पूर्ण सुरू झाली. बोगदे सगळे मोजतात. मला मोलाची वाटतात ती छोटी स्थानकं. वैभववाडी, नांदगाव, सिंधुदुर्गनगरी, झाराप : इथे उतरून माणूस रिक्षाने घरी जातो. चिपीला उतरलेल्या कणकवलीकराला पुन्हा गाडी करावी लागते. तीही विमान आलं तर. सत्तरेक आसनांचं ते विमान ढग खाली आले की रद्द व्हायचं, आणि मुंबईची ती सेवा तीन वर्षं कशीबशी चालून २०२४मध्ये बंद पडली. सरकारी अनुदानाची मुदत संपली, विमानही संपलं.

म्हणून राग आहे तो विमानाने जाणाऱ्या एखाद्या भाच्यावर नाही. तो त्या युक्तिवादावर आहे, जो विमानतळ दाखवून रेल्वेचा विषय मिटवतो. इतक्या वर्षांत दुहेरीकरण झालं ते रोहा ते वीर, जेमतेम ४७ किलोमीटर. पुढे एकेरी मार्ग. समोरून गाडी येते म्हणून आपली क्रॉसिंगला उभी, गणपतीत शेकड्यांनी जादा गाड्या सोडल्या की ताटकळणंही त्याच पटीत. ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के, मार्च २०२०मध्ये करोनाच्या नावाने काढली. करोना गेला, सवलत आली नाही. कुटुंबाने एकत्र प्रवास करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी यावर बोलावं.

"डोंगर फोडायला हजारो कोटी लागतील" हे उत्तर तयार असतं. लागतील. पण सगळा मार्ग एका दिवसात दुहेरी करा असं कोण म्हणतंय? कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे ही स्थानकं मूळ आराखड्यानंतर मधे घातली ती गाड्यांना एकमेकींना वाट देता यावी म्हणूनच. जिथे सपाटी आहे तिथून पुढचे तुकडे दुहेरी करत जाता येतं, फलाटांवर शेवटपर्यंत छप्पर टाकता येतं, सवलत तर एका आदेशाने परत देता येते. यंदाही गणपतीच्या ६० दिवस आधी सकाळी आठला चाकरमानी मोबाइल घेऊन बसतील आणि मिनिटभरात प्रतीक्षायादी बघतील. मत मागायला येणाऱ्याला विमानतळाआधी तिच्याबद्दल विचारा.