सहलीचा हिशेब तिकिटाच्या पलीकडे

वाई : सुट्टी लागली, की खोपोलीच्या ‘इमॅजिका’ थीम पार्कचा हट्ट घरोघरी सुरू होतो. पालकांचा हिशेब मात्र बहुधा तिकिटापाशीच थांबतो. जानेवारी २०१८ मध्ये अशा उद्यानांच्या प्रवेशावरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. प्रवास मात्र महागला. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या पूर्ण पल्ल्याचा मोटारीचा टोल १ एप्रिल २०२३ रोजी २७० वरून ३२० रुपये झाला. वाईकरांना त्याआधी खेड शिवापूरचा टोलही भरावा लागतो. तिकीट व खाणे माणशी वाढते. इंधन व टोल गाडीमागे. त्यामुळे गाडी भरून जाणे आणि गर्दीचे दिवस टाळणे, हीच खरी बचत. अंदाजपत्रक घरापासून घरापर्यंतचे हवे; अन्यथा एका दिवसाची हौस महिनाभर पुरते.