स्वयंपाकघराचे कुलूप

बाह्यरुग्ण विभागातली गर्दी ओसरल्यावर एक आई खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली, "डॉक्टर, आम्ही फ्रिजला कुलूप लावतो." गुन्हा कबूल करावा तसा तिचा चेहरा होता. सात वर्षांचा मुलगा शेजारीच बसला होता. त्याची नजर तिच्या पिशवीतल्या डब्यावर. "सासूबाई म्हणतात, सख्खी आई असून लेकराला उपाशी ठेवतेस." मी म्हटले, "ताई, कुलूप काढू नका. पुढच्या वेळी सासूबाईंनाही घेऊन या."

या मुलाला प्रेडर-विली सिंड्रोम आहे. प्रेडर, लाबहार्ट आणि विली या स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी १९५६ मध्ये या आजाराचे वर्णन केले. साधारण १० ते ३० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. पंधराव्या गुणसूत्राच्या एका भागातली, वडिलांकडून यायला हवी ती जनुके काम करत नाहीत. कधी तो तुकडाच गळालेला असतो, तर कधी दोन्ही गुणसूत्रे आईकडूनच आलेली असतात. हे बहुतेक वेळा निव्वळ योगायोगाने घडते. त्यात आईचा दोष नाही, वडिलांचाही नाही, आणि गरोदरपणात ग्रहण पाळले की नाही याच्याशी तर काडीचाही संबंध नाही. पुढच्या बाळाला हाच आजार होण्याची शक्यता बहुतेक कुटुंबांत एक टक्क्याहून कमी असते. काही मोजक्या प्रकारांत मात्र ती ५० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा.

या आजाराची सुरुवात अगदी उलटी होते. जन्मतः बाळ लुळे असते, रडणे क्षीण असते आणि दूध ओढायची ताकद नसते. काहींना नळीने दूध द्यावे लागते. घरातले सगळे एक-एक चमचा मोजत असतात. मग दोन वर्षांच्या आसपास वजन वाढू लागते आणि पुढे मूल स्वतःहून मागून खाऊ लागते. घरात आनंदीआनंद. आजी दृष्ट काढते. हळूहळू मागणे थांबेनासे होते. आठव्या वर्षाच्या सुमारास अनेक मुलांत ही भूक पुरती अनावर होते, कारण 'पोट भरले' हा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत नीट पोहोचतच नाही. त्यात स्नायू कमी असल्याने या मुलांना इतरांपेक्षा कमी उष्मांक पुरतात. भूक जास्त आणि गरज कमी, असा हा पेच आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच लक्षणांच्या एका मुलीच्या आईला मी "लाड कमी करा, खेळायला पाठवा" एवढे सांगून आहाराचा छापील कागद हाती दिला होता. मुलगी तान्ही असताना दूध ओढत होती का, हे मी विचारलेच नाही. तो एक प्रश्न विचारला असता, तर निदान कदाचित तेव्हाच झाले असते. आज डीएनए मिथायलेशन ही रक्ताची तपासणी ९९ टक्क्यांहून अधिक रुग्णांत आजार ओळखते. लुळे बाळ दिसले की ती करायला हवी.

आता कुलपाविषयी. शेंगदाण्याचा डबा, गुळाची ढेप, देव्हाऱ्यातला नैवेद्य, शेजारच्या घरातला फ्रिज, प्रसंगी कचऱ्याची बादली: या मुलाला यातले काहीही दिसले की त्याची झुंज सुरू होते, आणि ती जिंकणे त्याच्या हातात नाही. त्याला रागावणे म्हणजे दमेकऱ्याला धाप लागली म्हणून रागावणे. खाणे नजरेआड आणि कुलपात असले, की मूल शांत होते, हे अनेक आईवडील सांगतात. मात्र कुलपाच्या जोडीला वेळापत्रक हवेच. किती वाजता काय मिळेल, हे भिंतीवर चित्रांनी लिहून ठेवा आणि ती वेळ मोडू नका. जेवण नक्की मिळणार याची त्याला खात्री हवी, आणि जादा काही मिळणार नाही याचीही. "आजच्या दिवस एक लाडू" इथेच घोटाळा होतो. एकदा हट्टाने मिळाले, की उद्या दुप्पट हट्ट.

म्हणून हे काम एकट्या आईचे नाही. वडील, काका, वर्गशिक्षिका, रिक्षावाले काका, वाढदिवसाला चॉकलेट वाटणारे शेजारी, सगळ्यांना सांगावे लागते. लपवून ठेवलेला आजार घरोघरच्या मायेने बळावतो.

या मुलाच्या ताईने मला सांगितले, की ती बिस्कीट न्हाणीघरात दार लावून खाते. दहा वर्षांची पोर. अशा भावंडांना आठवड्यातून एकदा तरी आईने किंवा वडिलांनी एकटे बाहेर न्यावे. तिथे त्यांना भूक लागेल ते मोकळेपणाने खाऊ द्यावे.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. या मुलांना वेदना कमी जाणवतात आणि उलटी क्वचितच होते. तेव्हा पोट दुखते म्हणाला, पोट फुगले किंवा उलटी झाली, तर ओवा देत बसू नका. थेट रुग्णालयात आणा. भरमसाट खाल्ल्यावर जठर फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनांनी उंचीबरोबर स्नायूही सुधारतात. ती सुरू करण्याआधी झोपेतील श्वासाची तपासणी करून घ्यावी. खर्च सामान्य घराला झेपणारा नाही, पण २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात यासाठीच्या ग्रोथ हार्मोन उपचारांचा समावेश आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील एक उत्कृष्टता केंद्र आहे, तिथे चौकशी करावी. अमेरिकेत २०२५ मध्ये या भुकेवर पहिले औषध मंजूर झाले. तेही कुलपाची जागा घेणारे नाही.

पुढच्या भेटीला आजी आल्या. सगळे ऐकून घेतले, बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारले, "गणपतीत एक मोदक तरी द्यायचा का नाही?" मी म्हटले, "द्या. पण एकच, तोही दुपारच्या जेवणाच्या हिशेबात धरून, आणि त्याला आदल्या दिवशी सांगून." कुलपाची किल्ली कोणाकडे ठेवायची, हे त्या सासू-सुनांचे दारातून बाहेर पडताना चालले होते.