‘समजलं ना?’ एवढ्याने भागत नाही

‘उद्या सोडतील’ असे कळले की रुग्णाचा चेहरा उजळतो आणि घरच्यांची धांदल उडते. बिल, औषधे, रिक्षा. त्यातच सिस्टर कागद हातात ठेवतात, ‘ही सकाळी, ही रात्री, समजलं ना?’ म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात.

अंबरनाथच्या आमच्या शेजारणीला खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर असेच घरी आणले. सूचना ऐकल्या मुलाने, आणि तो सकाळच्या लोकलने मुंबई गाठणारा. दिवसभर करणार होती सून. ती तेव्हा रुग्णालयात नव्हतीच. घर तिसऱ्या मजल्यावर, संडास जुन्या पद्धतीचा. उकिडवे बसायचे नाही, हे कागदावर होते, पण इंग्रजीत! आठव्या दिवशी खुबा निखळून बाई पुन्हा दाखल.

मी त्या सिस्टरला दोष देणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात डिस्चार्जचे नियोजन आहे. वॉर्डात मात्र डिस्चार्ज म्हणजे कागदपत्रे. खरे तर हे नियोजन दाखल झाल्या दिवशीच सुरू व्हायला हवे. घरी कोण असते? कितवा मजला? वाचता कोणती भाषा येते? हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार मोलाचा. उल्हासनगर हे १९४९ साली नाव मिळालेले, सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेले शहर. इथल्या मध्यवर्ती रुग्णालयात सिंधी आजी, बदलापूरपलीकडच्या वाडीवरचा ठाकर आणि उत्तरेकडून आलेला कारखान्यातला कामगार शेजारशेजारी असू शकतात. एकच कागद तिघांना काय कामाचा?

‘समजलं ना?’ विचारले की आपण सगळेच मान हलवतो. ‘इन्सुलिन कसे द्याल, दाखवा बरं,’ म्हटले की खरे काय ते कळते. असे विचारणे शिकवावे लागते. बंगळुरूत सुरुवात केलेल्या ‘नूरा हेल्थ’ने परिचारिकांना हेच प्रशिक्षण दिले, त्यांच्याकरवी नातेवाइकांना वॉर्डातच शिकवले, महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतही हे काम पोहोचले आहे. पण एका सिस्टरच्या गळ्यात सारा वॉर्ड बांधून वर हे शिका म्हणणे, ही थट्टाच. हा अर्धा तास ड्यूटीच्या तक्त्यात धरा, आणि तोही संध्याकाळी, लोकल परतल्यावर.

शेजारणीच्या दुसऱ्या खेपेला एका तरुण सिस्टरने सुनेला मुद्दाम बोलावून घेतले. कमोडची खुर्ची भाड्याने कुठे मिळते ते सांगितले, आणि सासूबाईंना खाटेवरून कसे उठवायचे ते तिच्याकडून दोनदा करून घेतले.