औषधाच्या कपाटाची किल्ली

31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी या गावी पोलिओचे थेंब म्हणून बारा बालकांच्या तोंडात हातांना लावावयाचे सॅनिटायझर घातले गेले. सुदैवाने बालके वाचली. ‘सरकारी कारभार!’ असे म्हणून आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आम्हीही घातली. परंतु तेथे निदान नेमलेले कर्मचारी होते, मोहिमेची ठरलेली पद्धत होती, आणि चूक ध्यानी आल्यावर बालकांना रुग्णालयात नेण्यात आले. आपल्या वसतिगृहांत यांपैकी काय आहे?

भंडारा जिल्ह्यातील एका वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. तेथील औषधांच्या कपाटाची किल्ली कित्येक वर्षे दहावीतल्या एखाद्या समंजस मुलाकडे असे. ती आम्हीच देत असू, आणि त्यात मुलांना जबाबदारी शिकविल्याचे समाधानही मानीत असू. एके रात्री फेफऱ्याच्या मुलाची गोळी तापाच्या मुलास गेली. एक दुसरा दिवसभर गुंगीत पडून राहिला. दुसऱ्यास पहाटे झटका आला. दोघेही बरे झाले. किल्लीवाल्या मुलाला आम्ही सर्वांसमक्ष रागावलो, आणि ते आजही आम्हांस बोचते. दोष त्याचा नव्हताच.

हा विषय काढला की हमखास ऐकू येते, ‘फादर, आमच्या सिस्टर पोटच्या मुलांसारखे पाहतात.’ पाहतात, याविषयी शंका नाही. पण पॅरासिटामॉलचेच पातळ औषध घ्या. पाच मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅमचे निराळे, 250 चे निराळे, आणि तान्ह्यांच्या थेंबांत तर एका मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम. मात्रा ठरते वजनावर : एका वेळी दर किलोस 10 ते 15 मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलास फार तर 300 चालतील. थेंबांच्या बाटलीतून पाच मिलिलिटरचा एक चमचा दिला की 500 झाले. हा हिशेब ममतेने सुटत नाही, तो शिकावा लागतो.

शिवाय आपल्या विदर्भात सिकलसेलची मुले आहेत. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल रोज, ठरल्या मात्रेतच द्यावयाची आणि अधूनमधून रक्त तपासावयाचे. काल राहिली म्हणून आज दोन देऊन भागत नाही. हे ज्यास ठाऊक नाही, तो अशा मुलाच्या दुखण्यालाही ‘शाळा बुडविण्याचे नाटक’ म्हणतो.

केवळ सेवाभाव पुरेसा आहे, असे ख्रिस्तसभेनेही मानलेले नाही. रावळपिंडीत स्त्रियांची सेवा केलेल्या डॉ. ॲना डेंगल यांनी 1925 मध्ये वैद्यकीय सेवेसाठी धर्मभगिनींचा संघ स्थापिला. 1936 मध्ये रोमने धर्मभगिनींना प्रसूतिसेवेचीही मुभा दिली, तेव्हा रीतसर शिक्षणाचा आग्रहही धरला. मग गोळ्या वाटणारास शिक्षण नको, हे आपण कोठून आणले?

बालगृहांसाठी 2016 च्या बाल न्याय आदर्श नियमांत वैद्यकीय सहायकाची तरतूद आहे. ‘आमचे वसतिगृह त्या नियमांत बसत नाही,’ असे संचालक म्हणतात. नियमाबाहेरच्या मुलाचे यकृत काय निराळे असते? पैशाची सबबही आम्हांस मान्य नाही. सणाच्या रोषणाईसाठी वर्गणी जमते, मंडपासाठी जमते.

आमची मागणी मोठी नाही. प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती. डॉक्टरांची लेखी चिठ्ठी. मूळ वेष्टनातलेच औषध. देताना मुलाचे नाव, औषध, मात्रा व वेळ ताडून पाहणे. आणि दिल्याबरोबर वहीत सही. सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलासोबत त्याच्या गोळ्याही मोजून द्याव्यात, कारण फेफऱ्याचे औषध एकाएकी तुटले की झटके उलटतात. आईबापांनीही मुलाचा आजार लपवू नये. प्रवेश नाकारतील या भीतीने तो लपविला जातो, हेही आम्ही जाणतो. तसा प्रवेश नाकारणे हा आमचाच दोष होय.

जूनमध्ये मुलास पोहोचवावयास याल, तेव्हा पेटी खाली ठेवण्यापूर्वी किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. उत्तर देताना कोणी अडखळला, तर तो फादर असला तरी भीड धरू नका.