मेनफ्रेम मिळालं? अभिनंदन!

आयटीतल्या फ्रेशरच्या आयुष्यात दोन निकाल महत्त्वाचे. एक इंजिनीअरिंगचा आणि दुसरा, ट्रेनिंग संपल्यावर कोणती टेक्नॉलॉजी मिळाली याचा. क्लाउड मिळालं तर पार्टी, एआय मिळालं तर डबल पार्टी. आणि मेनफ्रेम मिळालं तर? हिंजवडीच्या कँटीनमध्ये ही बातमी अशा आवाजात सांगितली जाते, जणू साहेबांची बदली थेट गडचिरोलीला झालीय!

मी मास कॉमवाली. कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझी एक मैत्रीण आठ वर्षं एका परदेशी विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर काम करतेय. तिचं डोकं खाऊन जे हाती लागलं, ते आज तुमच्यासाठी.

पहिला गैरसमज : मेनफ्रेम म्हणजे भंगार. चूक! यंत्र नवंच असतं. आयबीएमचं झेड१७ हे मॉडेल २०२५ मध्ये आलं आणि त्याच्या प्रोसेसरमध्ये एआयची सोयही आहे. जुना असतो तो कोड. कोबोल ही भाषा जन्मली १९५९ मध्ये. ग्रेस हॉपर यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव. मग १९६४ मध्ये आयबीएमनं ‘सिस्टिम/३६०’ आणली. आज लिहिलेला प्रोग्रॅम उद्याच्या मोठ्या मशिनवरही चालावा, ही त्यामागची कल्पना. ती इतकी यशस्वी झाली की आजोबांच्या काळातला कोड नातवाच्या मशिनवर अजून धावतोय.

आणि अधूनमधून पडतोय! मेनफ्रेमवाल्यांच्या भाषेत जॉब ‘अबेंड’ होतो. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली दुपार, त्यामुळे तिकडची रात्रीची बॅच बरोबर आपण डबा उघडला की पडते. सगळ्यात फेमस अबेंड म्हणजे ‘सॉक-सेव्हन’. जिथे आकडा हवा तिथे दुसरंच काहीतरी सापडलं, बहुतेकदा नुसती रिकामी जागा, की मशीन म्हणतं, ‘बॉस, याची बेरीज मी करणार नाही.’ मग डंप उघडायचा, नेमकी कुठली ओळ पडली ते शोधायचं आणि कुठल्या रेकॉर्डनं घात केला ते बघायचं.

माझ्या मैत्रिणीसमोर असाच एक सॉक-सेव्हन आला. हप्त्याची रक्कम जिथे असायला हवी, तिथे काहीच नाही. टीममधला एक जण म्हणाला, ‘सोप्पंय यार, शून्य टाक आणि जॉब परत चालव.’ पाच मिनिटांचं काम. पण ही बाई हटून बसली : आधी रिकामं का आहे ते कळू दे.

दोन दिवस ती जुने प्रोग्रॅम उपसत बसली. उत्तर सापडलं ते १९८०च्या दशकातल्या एका कॉमेंटमध्ये. शून्य म्हणजे हप्ता माफ. रिकामं म्हणजे हप्ता अजून ठरायचाय. जुना प्रोग्रॅम बेरजेआधी हे तपासायचा. नव्यानं ‘स्वच्छ’ करताना कुणीतरी ती ओळ फालतू समजून उडवली होती. पाच मिनिटांच्या उपायानं त्या सगळ्या पॉलिसी गुपचूप हप्तामाफ झाल्या असत्या. आणि पुढे क्लेमच्या वेळी ‘तुम्ही हप्ताच भरला नाहीत’ हे एखाद्या विधवेला ऐकावं लागलं असतं.

लेगसी लेगसी म्हणतात ते हेच. कंपनीचे नियम फायलीत नाहीत, मॅन्युअलमध्ये नाहीत, ते फक्त कोडमध्ये उरलेत. लिहिणारे केव्हाच रिटायर झाले.

म्हणूनच ‘सगळं फेकून नवं लिहू’ हे पीपीटीवर छान दिसतं, प्रत्यक्षात घाम फोडतं. साधं राउंडिंग घ्या. कोबोलला स्पष्ट सांगितलं नाही, तर ते जादा दशांश सरळ छाटून टाकतं. नव्या भाषेत तेच गणित वेगळ्या रीतीनं झालं की पैशापैशाचा फरक लाखो खात्यांत पसरतो. त्यामुळे शहाणी माणसं एकेक तुकडा नव्या सिस्टिमवर नेतात. जुनं-नवं शेजारी शेजारी चालवतात आणि आकडे जुळले तरच जुनं बंद करतात.

घाईची किंमत ब्रिटनच्या टीएसबी बँकेला विचारा. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी ५२ लाख ग्राहकांना एका वीकेंडला नव्या प्लॅटफॉर्मवर हलवलं. डेटा नीट पोहोचला, पण प्लॅटफॉर्म कोलमडला. कारभार सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. सीईओंची खुर्ची गेली आणि २०२२ मध्ये ४.८६५ कोटी पौंडांचा दंड बसला.

आणि जुन्यालाच शिव्या घालायची सवय? एप्रिल २०२० मध्ये कोव्हिडमुळे बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना साद घातली. जगभर कोबोलची टिंगल झाली. इतिहासकार मार हिक्स यांनी त्याच वर्षी लिहिलं, की अडखळत होती ती अर्ज भरायची जावातली वेबसाइट. मागचं कोबोल आपलं काम करत होतं!

‘पण आता एआय कोबोलचं जावा करून देतं ना?’ देतं की. कोड काय करतो हेही ते झकास समजावतं. पण शून्य आणि रिकामं यांतला फरक कुणी, कशासाठी ठेवला हे कुठे लिहिलेलंच नसेल, तर ते तरी कुठून सांगणार? तिथे हटून बसणारं माणूसच लागतं.

तेव्हा मेनफ्रेमवाल्यांनो, मान वर करा. एखादी नवी टेक्नॉलॉजीही शिकून ठेवा, कारण दोन्ही तीरांवर पाय असलेला माणूसच पूल बांधतो. आणि क्लाउडवाल्यांनो, जास्त हसू नका. तुमचा आजचा चकाचक कोड उद्याचा लेगसीच आहे. आज घरी निघण्यापूर्वी त्यात एक ओळ कॉमेंट लिहा. ‘काय केलं’ ते नको, ते दिसतंच. ‘का केलं’ ते लिहा. पंचवीस वर्षांनी कुणीतरी तुम्हाला दुवा देईल.